होडीवरची मोडलेली प्लास्टिक फिटिंग्ज: काय जोडावं, काय बदलावं?

वल्हेकरी
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी साडेसहा मीटरची फायबरग्लासची शिडाची होडी घेतली, जुनी. वय वीसच्या पुढे. घेताना तळ, डोलकाठी, सुकाणू सगळं ठोकून-वाजवून पाहिलं होतं आणि ते आजही ठणठणीत आहे. प्लास्टिककडे मात्र लक्षच दिलं नाही. आता दर फेरीला एखादा तुकडा हातात येतो. सध्याची यादी अशी:

१. नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, झाकणाच्या दोन बिजागऱ्यांपैकी एकीचा कान तुटलाय. हे मॉडेल आता बनत नाही.
२. हवा आत घेणारं डेकवरचं नसराळं बुडाशी अर्धं फाटलंय. पाऊस सरळ बिछान्यावर.
३. डेकमधल्या गोल तपासणी-झाकणाचं कडं, ज्यात झाकण आटे फिरवून बसतं, ते एका जागी तडकलंय.
४. बेसिनचं पाणी बाहेर सोडणाऱ्या सीकॉकच्या (होडीच्या अंगातल्या भोकावरचा, बंद करता येणारा नळ) नळीच्या तोंडाला केसासारखी रेघ दिसते. गळत नाही.

तिसऱ्या नंबरला दोन भागांचं इपॉक्सी लावून पाहिलं. घासून, पुसून, शिकंजात धरून, सगळं नीट केलं. आठ दिवसांत ते इपॉक्सी अख्खं, पापुद्र्यासारखं निघून आलं आणि खालचं प्लास्टिक गुळगुळीत! मग वाटलं की कुठला गोंद घ्यावा हे आधी विचारावं. हाताने काम करायची तयारी आहे, वेळही आहे. कृपया मार्गदर्शन करा.

कानस
वल्हेकरी, "कुठला गोंद" हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, हे कुठलं प्लास्टिक आहे. दुसरा, ते मोडलं का. ही दोन उत्तरं मिळाली की गोंदाचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं, आणि कधी कधी "गोंद नकोच" असं मिळतं.

तुकडा काढून मागची बाजू उजेडात तिरकी धरून पाहा. साच्यातच उठवलेली बारीक अक्षरं असतात, दोन कंसांच्या टोकांमध्ये: एबीएस, पीपी, पीई, पीए६, पीओएम, पीसी अशी. पीए म्हणजे नायलॉन. त्यापुढे जीएफ३० असेल तर त्यात ३० टक्के काचतंतू आहेत. पीओएम म्हणजे एसिटल, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीई म्हणजे पॉलिएथिलीन, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट.

खूण नसेल तर दोन चाचण्या. नखाएवढा कपचा गोड्या पाण्यात टाका, पाण्यात साबणाचा एक थेंब घाला म्हणजे बुडबुडे चिकटून फसवणार नाहीत. पॉलिप्रॉपिलीन (घनता ०.९ च्या आसपास) आणि पॉलिएथिलीन (०.९१ ते ०.९७) तरंगतात. एबीएस १.०५ ला हळूच बुडतं, नायलॉन १.१४ ला, एसिटल १.४१ चं, ते दगडासारखं तळाला जातं. काचतंतू किंवा भुकटी घातलेलं पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकतं, म्हणून नुसत्या या चाचणीवर थांबू नका. दुसरी चाचणी: न दिसणाऱ्या कोपऱ्यावर कापसाने ॲसिटोन लावा. अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चिकट होऊन बोटाचा ठसा उठला तर बहुधा एबीएस. काहीच झालं नाही तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन, नायलॉन किंवा एसिटल.

जाळून वास घ्यायची पद्धत बरेच जण सांगतील. करू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि एसिटलमधून फॉर्मल्डिहाइड.

खारा_वारा
एवढं कशाला? सुपरग्लू आणि खायचा सोडा. भेगेत सोडा भरायचा, वरून ग्लू सोडायचा, दहा सेकंदांत दगड. माझ्या बॅटरीच्या पेटीचा कान असाच जोडलाय, दोन वर्षं झाली.

कानस
बॅटरीची पेटी केबिनमध्ये कोरडी आहे आणि तिचा कान फार ओढ घेत नाही, म्हणून टिकला, आणि तिथे मीही हेच करीन. पण सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे सुपरग्लूचा, जोड सरळ ताणात मजबूत आणि सोलणाऱ्या किंवा झटक्याच्या ओढीला कमजोर असतो. सततची ओल आणि ऊन त्याला हळूहळू खातात. सोड्याने तो झटकन घट्ट होतो, तेवढाच ठिसूळही. डेकवरच्या बिजागरीला दर उघड-बंदीला सोलणारीच ओढ बसते. शिवाय पॉलिप्रॉपिलीनवर खास प्रायमर लावल्याशिवाय सुपरग्लू धरतच नाही, सोडा कितीही घाला.

सुकाणू
बाकी सगळं सावकाश होऊ द्या. चौथ्या नंबरबद्दल मी आधी बोलतो, कारण बाकीच्या तीन वस्तू मोडल्या तर तुम्ही भिजाल, ही मोडली तर होडी जाईल.

सीकॉकचं भोक जलरेषेखाली आहे ना? मग तिथे जोडकाम नाही. गोंद नाही, वेल्डिंग नाही, वरून फायबरची पट्टी नाही. होडी पाण्याबाहेर काढा आणि पूर्ण संच बदला. तोपर्यंत तो कॉक बंद ठेवा आणि बेसिन वापरू नका.

हिशेब करून बघा. २५ मिमी व्यासाचं भोक, जलरेषेखाली ५० सेंमी. पाणी सुमारे तीन मीटर प्रति सेकंद वेगाने आत येऊ पाहतं. भोकाच्या कडेला होणारा अडथळा धरला तरी मिनिटाला ५५ लिटरच्या आसपास. हाच वेग राहिला तर तासाला ३,३०० लिटर, म्हणजे सव्वातीन टनांहून जास्त. तुमची होडी स्वतः तेवढी जड नसेल.

"अजून गळत नाही" याचा आधार घेऊ नका. माझ्या एका जुन्या होडीवर अशीच रेघ होती. मी ती पाहिली होती आणि हंगाम संपल्यावर बघू असं ठरवलं होतं. एके दिवशी हत्यारांची पेटी घ्यायला वाकलो, गुडघा त्या नळीवर टेकला आणि तोंड मुळापासून तुटलं. कॉक फिरला म्हणून वाचलो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या एच-२७ मानकात सीकॉकने आतल्या टोकाला ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो भार ३० सेकंद झेलला पाहिजे असं म्हटलंय, ते याचसाठी. माणूस घसरतो, टेकतो, सामान सरकतं. जोडलेलं प्लास्टिक तो भार घेईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आणि आजच एक काम करा. मऊ लाकडाची निमुळती खुंटी त्या भोकाच्या मापाची करून सीकॉकलाच दोरीने बांधून ठेवा. मऊ लाकूड ओलं झालं की फुगतं आणि घट्ट बसतं. खुंटी कपाटात असेल तर अंधारात, गुडघाभर पाण्यात सापडत नाही.

भरती_ओहोटी
सुकाणूकाकांशी शंभर टक्के सहमत. त्यात एक भर: ही तोंडं बहुतेक वेळा समुद्र तोडत नाही, आपण तोडतो. जुनी नळी काटेरी तोंडावर चिकटून बसलेली असते आणि आपण ती हलवून-पिळून ओढतो. नळीवर गरम पाणी ओतून ती मऊ करा, तरी नाही आली तर लांबीत चिरा, पण पात्याचा ओरखडा तोंडावर उमटू देऊ नका, पुढची भेग त्याच ओरखड्यातून सुरू होते.

दुसरं, निमुळत्या आट्यांचं धातूचं तोंड प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत कधी आवळू नका. ते पाचरीसारखं काम करतं आणि प्लास्टिकचं कडं महिन्याभराने, कुणी हात न लावता, फाटतं. टेफ्लॉन टेपचे जादा वेढे दिले की आणखी लवकर, कारण टेप घसरडी असल्याने आपण कधी जास्त आवळलं ते हाताला कळत नाही.

वल्हेकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. सुकाणूकाका, कॉक बंद केला, खुंटी आज संध्याकाळी करतो. होडी पुढच्या आठवड्यात बाहेर काढायची ठरवलीय.

चाचण्या केल्या. बिजागरीवर खूण सापडली: पीओएम. नसराळं बुडालं आणि ॲसिटोनने चिकट झालं, म्हणजे एबीएस. तपासणी-झाकणाचं कडं तरंगलं, ॲसिटोनचा परिणाम शून्य. इपॉक्सी का निघालं ते आता कळतंय. सीकॉकवर पीए आणि जीएफ दोन्ही अक्षरं आहेत.

चार वस्तू, चार वेगळी प्लास्टिकं! मी एकाच गोंदाने सगळं करायला निघालो होतो.

कानस
छान, आता नसराळ्यापासून सुरुवात करू, कारण एबीएसची दुरुस्ती सगळ्यात समाधान देणारी आहे. तिथे जोड चिकटत नाही, एकजीव होतो.

नसराळ्याच्या आतल्या बाजूने, जिथे दिसणार नाही तिथून, एबीएसचे बारीक तुकडे कापून घ्या किंवा दुसऱ्या कुठल्या एबीएसच्या मोडक्या वस्तूचे घ्या. काचेच्या बरणीत टाका, वर शुद्ध ॲसिटोन तुकडे जेमतेम बुडतील एवढं. (नखांचा रंग काढायच्या बाटलीत बरेचदा तेल आणि पाणी मिसळलेलं असतं, ते चालत नाही.) रात्रभरात गोंदासारखी दाट लापशी होते.

उन्हाने पांढरा पडलेला वरचा थर खरवडून काढा, अगदी आतला मूळ रंग दिसेपर्यंत. हा टप्पा टाळला की सगळी मेहनत वाया. एबीएसमधला रबरी घटक उन्हातल्या अतिनील किरणांनी आधी मरतो आणि त्या मेलेल्या थरावर काहीही लावलं तरी तो थरच सुटून येतो. मग भेगेच्या टोकाला २-३ मिमीचं गोल भोक पाडा. दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे, कारण खरी भेग डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. भेगेची कड दोन्ही बाजूंनी तिरकी तासून व्हीच्या आकाराची खाच करा.

आता आधी नुसतं ॲसिटोन कुंचल्याने खाचेत, पृष्ठभाग मऊ होईपर्यंत. लगेच लापशी. ती सुकताना आकसते, म्हणून एका दमात भरू नका, तीन-चार पातळ थर द्या आणि मध्ये काही तास जाऊ द्या. आतल्या बाजूने काचतंतूंच्या कापडाची पट्टी लापशीत भिजवून चिकटवा, खरी ताकद तिची. दोन दिवस हात लावू नका, जाड थर असेल तर आणखी. मग घासून अतिनील रोधक रंग. रंग हौसेसाठी नाही, त्याच्याशिवाय दोन-तीन उन्हाळ्यांत परत इथेच याल.

हे काम होडीत करू नका. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरून बुडाशी साचते आणि ॲसिटोन शून्याखाली २० अंशांनाही पेट घेऊ शकेल एवढी वाफ सोडतं. बिल्ज पंपाच्या (बुडाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप) स्विचची एक ठिणगी पुरे. नसराळं सोडवून किनाऱ्यावर, उघड्यावर करा.

वितळबिंदू
तपासणी-झाकणाच्या कड्याबद्दल मी लिहितो. प्लास्टिकच्या टाक्यांचं वेल्डिंग बरीच वर्षं केलंय.

पॉलिप्रॉपिलीनला गोंद धरत नाही कारण त्याच्या पृष्ठभागाला कुठलाही द्रव नीट ओला करू शकत नाही. मेणावर पाण्याचे थेंब गोळा होतात तसं. म्हणून ते वितळवून जोडायचं. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: पट्टी त्याच प्लास्टिकची हवी. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंशांना वितळतं, दाट पॉलिएथिलीन १३० च्या आसपास, आणि दोन्ही हाताला सारखीच लागत असली तरी एकमेकांत मिसळत नाहीत. खात्री करायला पट्टीचं टोक लपलेल्या जागी वितळवून चिकटवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि ओढा. सोलून निघालं तर प्लास्टिक वेगळं. तुटताना मूळ वस्तूचा कपचा घेऊन आलं तर बरोबर.

कडं डेकवरून काढा. झाकण त्यात सैल फिरवून ठेवा म्हणजे वेल्ड थंड होताना आकसून कडं लंबगोल होणार नाही. भेगेच्या टोकाला भोक, बाहेरच्या बाजूने व्ही खाच, जाडीच्या तीन चतुर्थांश खोल. आट्यांची बाजू शिवू नका. गरम हवेच्या बंदुकीला निमुळतं तोंड लावून पट्टी आणि खाच दोन्ही एकाच वेळी तापवायची. दोन्ही पृष्ठभाग ओले, चकचकीत दिसले की पट्टी दाबत पुढे जायचं. नुसती पट्टी वितळवून खाचेत ओतली तर ते वेल्डिंग नाही, ते मेण ओतणं झालं. बंदूक नसेल तर चपट्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न चालतं, वेळ जास्त लागतो. प्लास्टिक तपकिरी झालं किंवा धूर आला तर ते जळलं, तेवढं कापून परत करा. स्टेनलेसच्या बारीक जाळीचा तुकडा तापवून वरून बुडवला आणि त्यावर एक थर दिला तर कडं आणखी मजबूत होईल.

एक इशारा, कारण कुणीतरी वाचून करेल: पेट्रोल किंवा डिझेलची प्लास्टिकची टाकी वेल्ड करू नका. रिकामी केली, धुतली, वाळवली तरी नाही. प्लास्टिकच्या अंगात इंधन मुरलेलं असतं आणि तापलं की वाफ होऊन बाहेर येतं. मी ते काम कधी घेतलं नाही.

भरती_ओहोटी
वितळबिंदू, इथे थोडी वेगळी बाजू मांडते. पॉलिएथिलीनच्या डोंग्यांना ज्योत फिरवून इपॉक्सीने जोडलेलं मी स्वतः केलंय आणि ते टिकलंय. साध्या कडक इपॉक्सीने नाही, लवचीक जातीच्या. गॅसच्या निळ्या ज्योतीचं टोक पृष्ठभागावरून भरभर फिरवायचं, प्लास्टिक वितळता कामा नये, नुसता झटका. पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण होतं आणि द्रव पसरू लागतो. पाणी शिंपडून बघायचं: थेंब गोळा झाले तर परत फिरवायचं, पाणी पसरून चादरीसारखं राहिलं तर तयार. वाळवून अर्ध्या तासाच्या आत इपॉक्सी लावायचं, कारण हा परिणाम हळूहळू उतरतो.

वितळबिंदू
मोठ्या, सपाट पृष्ठभागावर मान्य. डोंग्याच्या तळाला हाताएवढं ठिगळ लावता येतं, ओढ पसरून जाते. कड्याच्या भेगेत चिकटायला जागा आहे चार-पाच मिलिमीटर, आणि दर वेळी झाकण आवळलं की तीच भेग उघडायला बघते. म्हणून इथे वेल्डिंगच.

भरती_ओहोटी
हे पटलं. जागा कमी असेल तर वेल्ड, जागा भरपूर असेल तर ज्योत आणि इपॉक्सी.

थर_दर_थर
बिजागरी राहिली. एसिटलला जवळपास काहीच चिकटत नाही, आणि ते वितळवायला जाल तर फॉर्मल्डिहाइड. तर दुसरी बिजागरी नीट आहे ना? कॅलिपरने मापं घ्या आणि त्रिमितीय छपाईने नवी करा. मी होडीवरचे सतरा-अठरा भाग असे केलेत.

दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. पहिली, कच्चा माल. पीएलए घेऊ नका, ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं आणि पायाला चटका बसणारा गडद डेक भर उन्हात तिथवर जातो. माझा पहिला भाग दुपारी झाकण उघडं ठेवल्यावर वाकून थिजला. पीईटीजी ८० पर्यंत तग धरतं. एएसए सगळ्यात चांगलं, शंभराच्या आसपास मऊ होतं आणि उन्हात एबीएसपेक्षा कितीतरी जास्त टिकतं, त्यासाठीच ते बनवलेलं आहे. दुसरी, छापायची दिशा. थर आणि थर यांमधला सांधा सगळ्यात कच्चा. बिजागरी उभी छापली तर कान पहिल्या झटक्याला थरावरून सुटेल. आडवी छापा, म्हणजे ओढ थरांच्या लांबीतून जाईल.

कानस
छपाईला माझा विरोध नाही, पण बिजागरीसाठी मी एसिटलचाच ठोकळा घेऊन कापून काढीन. करवतीने कापतं, कानशीने सुंदर घासलं जातं, आटे छान पडतात, पाणी फारसं पीत नाही आणि फिरणाऱ्या भागाला वंगणाची गरज नाही. काळा घ्या, पांढऱ्यापेक्षा उन्हात जास्त टिकतो. आतल्या कोपऱ्यात काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. भेग नेहमी धारदार कोपऱ्यात जन्म घेते. तुमचा तुटलेला कान पाहा, तिथेच तुटला असणार.

वल्हेकरी
अगदी तिथेच! आतल्या काटकोनातून.

डोलकाठी
उशिरा आलो, पण कानस यांचा दुसरा प्रश्न सगळे विसरले म्हणून लिहितो. मोडलं का?

मी इतक्या वर्षांत पाहिलेल्या मोडक्या फिटिंगपैकी बहुतेकांना पाना किंवा पेचकसाने मारलंय. शंकूच्या डोक्याचा स्क्रू प्लास्टिकमध्ये आवळला की डोकं पाचर होऊन भोक फाकवतं. तिथे सपाट बुडाच्या डोक्याचा स्क्रू आणि खाली रुंद चाकी (वॉशर) हवी. भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, कारण प्लास्टिक उन्हात फायबरग्लासपेक्षा बरंच जास्त पसरतं. उदाहरणार्थ ६० सेंमी लांबीची ॲक्रिलिकची काच ३० अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटर वाढते. तिला घट्ट भोकांत जखडलं तर ती भोकापासून तडकणारच.

मग रसायनं. डेकच्या जोडांना वापरतात ते पॉलिसल्फाइड सीलंट लाकडाला आणि धातूला उत्तम, पण ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस आणि पीव्हीसीला घातक. त्यातले द्रावक प्लास्टिक कडक करून तडकवतात. तिथे सिलिकॉन. नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात ते लाल-निळं द्रव पॉलिकार्बोनेट आणि एबीएसवर सांडलं तर ताणाखालच्या भागात जाळीसारख्या भेगा येतात, काही वेळा तासाभरात. प्लास्टिकजवळ नायलॉनची कडी असलेला नट वापरा, त्या द्रवाची गरजच राहत नाही. आणि झाकणाच्या पारदर्शक काचा स्पिरिट, थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नका. सौम्य साबण आणि भरपूर गोडं पाणी, आधी मीठ वाहू द्यायचं, मग मऊ फडकं.

वल्हेकरी, तुमची दुसरी बिजागरी अजून शाबूत आहे. पहिली का गेली हे कळलं नाही तर नवीही जाईल. झाकण पूर्ण उघडल्यावर कशावर टेकतं ते बघा.

खारा_वारा
माहिती वाचून मी माझ्या होडीची यादी केली. दोन प्रश्न. नायलॉनच्या क्लीटला (होडीचा दोर बांधायचा डेकवरचा खुंट) बुडाशी भेग आहे, वेल्ड करू का? आणि डाव्या बाजूच्या लाल दिव्याची काच फिकी पडलीय, लाल पारदर्शक रंग मारला तर?

सुकाणू
दोन्हीला नको. क्लीट रात्रभर होडी धरून ठेवतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि लाटांचे झटके वेगळेच. बदला, शक्यतो धातूचं, आणि डेकखाली आधाराची पट्टी देऊन आरपार बोल्टने बसवा.

दिव्याच्या रंगाची मर्यादा समुद्रावरच्या टक्कर-प्रतिबंधक नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ठरवून दिलेली आहे. हाताने मारलेला रंग त्यात बसेलच असं नाही आणि उजेडही कमी होतो. समोरच्याला अंधारात तुमची डावी बाजू ओळखता आली पाहिजे. काच बदला.

खारा_वारा
समजलं काका. दोन्ही बदलतो.

वल्हेकरी
पाच आठवड्यांनी परत येतोय. झालं ते सगळं लिहितो, बिघडलेलंसुद्धा.

सीकॉक: होडी बाहेर काढली, जुना संच सोडवला. नळीचं तोंड हातात घेऊन अंगठ्याने बाजूला दाबलं आणि ते मोडलं. नुसत्या अंगठ्याने. आतली भेग जाडीच्या दोन तृतीयांशाला पोचली होती, कडेला जुना काळसर डाग आणि मध्ये थोडासा ताजा पांढरा भाग. तेवढ्यावर मी दोन महिने होडी चालवत होतो. तो तुकडा केबिनमध्ये डोळ्यांसमोर ठेवलाय. काका, तुम्ही आधी लिहिलंत म्हणून मी तो आधी केला. नाहीतर चौथ्या नंबरलाच ठेवला असता.

नसराळं: कानसदादांच्या पद्धतीने. पहिल्या दिवशी घाईत जाड थर दिला, त्यात बुडबुडे आले आणि वरून साय धरून आत ओलं राहिलं. खरवडून परत पातळ थरांत केलं. आता भेगेची जागा बोटाने शोधावी लागते. रंगाचे दोन हात दिले.

कडं: इथे पहिला प्रयत्न फसला. पट्टी म्हणून एका जुन्या डब्याच्या झाकणातून कापून घेतली, तीही पाण्यात तरंगली होती म्हणून तेच समजलो. वेल्ड दिसायला सुरेख झाला आणि थंड झाल्यावर अख्खा सोलून निघाला. पॉलिएथिलीन होतं. वितळबिंदू यांनी सांगितलेली ओढून बघायची चाचणी मी केली नव्हती. मग पीपी खूण असलेल्या तुकड्यातून पट्ट्या कापल्या, चाचणी केली, कपचा घेऊन आली. दुसरा वेल्ड जाळी घालून केला. डेकवर बादल्या ओतून पाहिलं, आत थेंब नाही.

बिजागरी: काळ्या एसिटलच्या ठोकळ्यातून, चार संध्याकाळी लागल्या. आतले कोपरे गोल केले. पण डोलकाठी यांनी विचारलेलं आधी बघितलं. झाकण उघडल्यावर मागे कशावरच टेकत नव्हतं. त्याचं सगळं वजन, आणि वर कुणी हात टेकला तर त्याचंही, बिजागरीच्या कानांवर येत होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या मालकाच्या दोरीची दोन रिकामी भोकं सापडली. झाकण शंभर अंशांवर थांबवणारी ती दोरी कधीतरी तुटली आणि परत कुणी बांधली नाही. मी नवी बांधली. शंकूच्या डोक्याचे स्क्रूही काढून टाकले, त्यांच्याभोवती दुसऱ्या बिजागरीवर बारीक पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या होत्या. तीही आता याच ठोकळ्यातून करतोय.

डोलकाठी
दोरी! बघा, वीस वर्षांच्या बिजागरीला दोष देत होतो आपण. दुसरी करताना दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्यांची भोकं एका सरळ रेषेत आहेत ना ते आधी लांब सळई घालून बघा, मगच स्क्रूची भोकं पाडा. रेषा चुकली तर दर उघड-बंदीला पीळ बसेल.

वल्हेकरी
हे लक्षात आलं नव्हतं. उद्या सळई घालून बघतो, मगच पुढे.

सुकाणू
खुंटी बांधली का?

वल्हेकरी
बांधली काका. नव्या सीकॉकला एक, आणि इंजिनाच्या पाण्याच्या सीकॉकलाही एक. दोन्ही त्या-त्या भोकात आत बसवून पाहिल्या.